चावी हाती देण्याआधी

ट्रकचालकाच्या लायसनवर नाव, जन्मतारीख आणि फोटो यांच्या जोडीला काही आखूड नोंदी असतात: एलएमव्ही, ट्रान्स, कुठे एचएमव्ही, आणि त्यांच्यासमोर तारखा. हा माणूस कोणती गाडी चालवू शकतो आणि कधीपर्यंत, हे त्या नोंदींत सांगितलेले असते. पण त्या नीट वाचल्या जातात त्या बहुधा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तोवर कुठल्यातरी घरातला कर्ता माणूस गेलेला असतो, चालक जामिनावर असतो, आणि विमा कंपनीचा वकील लायसनची झेरॉक्स पुढे करून सांगत असतो, की ही गाडी चालवण्याचा अधिकारच या माणसाला नव्हता. ड्रायव्हरकडे लायसन आहे एवढ्यावर आपण निर्धास्त होतो, ते कोणत्या गाडीचे आहे हे विचारलेच नाही, हे गाडीमालकाला त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

हे पुस्तक त्या दिवसाच्या आधी वाचण्यासाठी लिहिले आहे. मालकाने चावी देण्यापूर्वी आणि चालकाने ती घेण्यापूर्वी.

मोठमोठी नावे रंगवलेले कंटेनर महामार्गावर आपल्या डोळ्यांत भरतात, पण मालवाहतुकीचा फार मोठा भार एक-दोन गाड्यांच्या मालकांवर चालतो. फायनान्सवर घेतलेली आयशर, गावातलाच किंवा भावकीतला ड्रायव्हर, महिन्याला ठरलेला हप्ता आणि मार्केट यार्डातून किंवा एमआयडीसीतून मिळेल ते भाडे. अशा मालकाकडे कायद्याचा सल्लागार नसतो. आरटीओतली कामे एजंट करतो, विमा गाडी घेतली तेव्हा शोरूममध्येच उतरवलेला असतो, आणि ड्रायव्हर ठेवताना विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘हेवी आहे ना?’ उत्तर ‘हो’ आले की विषय संपतो. मराठीत या माणसाच्या हाती देता येईल असे या विषयावरचे लेखन फार थोडे आहे. कायद्याची पुस्तके वकिलांसाठी आहेत आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या पुस्तिका खुणा-चिन्हांपाशी थांबतात. मधली जागा कित्येक वर्षे मोकळी पडून होती, म्हणून ही प्रस्तावना मी मनापासून लिहीत आहे.

कायदा कुठून सुरू होतो ते आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा, १ जुलै १९८९ पासून लागू झालेला. त्याचे कलम ३ दोन गोष्टी सांगते. सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवायची तर त्या गाडीचे वैध लायसन हवे, ही पहिली. परिवहन वाहन चालवायचे तर लायसनवर तसा स्पष्ट अधिकार हवा, ही दुसरी. परिवहन वाहन म्हणजे भाड्याने माणसे नेणारी गाडी, मालवाहू गाडी, शाळा-कॉलेजची बस, कंपनीच्या कामगारांची बस. पुढचे कलम वय सांगते: साध्या गाडीला १८, परिवहन वाहनाला २०. कलम ७ सांगते की परिवहन वाहनाचे शिकाऊ लायसन हवे असेल, तर हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष जवळ असायला हवे. पूर्वी आठवी पास असण्याचीही अट होती. ती २०१९ मध्ये काढली, आणि बरे झाले. घाटात गिअर कोणता टाकायचा हे आठवीच्या पुस्तकात शिकवत नाहीत, आणि त्या अटीपायी चांगले हात असलेले कितीतरी लोक एक तर धंद्याबाहेर राहत किंवा खोटा दाखला काढत.

आता वजनाकडे वळू, कारण सगळा घोळ तिथे आहे. मालवाहू गाड्यांचे कायद्याने तीन गट केले आहेत. एकूण मंजूर वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलके वाहन. १२,००० किलोच्या वर गेले तर जड. या दोहोंच्या मधले ते मध्यम. एकूण मंजूर वजन म्हणजे गाडी आणि तिच्यात भरता येणारा माल मिळून नोंदणी अधिकाऱ्याने मान्य केलेले वजन. ते आरसीवर छापलेले असते. त्या क्षणी वजनकाट्यावर किती भरले, याच्याशी त्याचा संबंध नाही. गाडी रिकामी होती, माल उतरवून परत येत होतो, असे न्यायाधिकरणात फार कळकळीने सांगितले जाते. त्याचा उपयोग होत नाही. सोळा टनांची म्हणून नोंदलेली गाडी रिकामी असताना पाच-सहा टनांचीच भरली, तरी कायद्याच्या लेखी ती जडच असते. उलट बाजूनेही हेच खरे. पिकअपमध्ये क्षमतेच्या दुप्पट टोमॅटोची कॅरेट लादली, तर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये बसेल, पण पिकअप हलकीच राहील आणि तिच्या चालकाचे लायसन त्या कारणाने अपुरे ठरणार नाही.

मोटारकार आणि ट्रॅक्टर यांचे माप मात्र वेगळे आहे. तिथे ७,५०० किलोची मर्यादा रिकाम्या वाहनाच्या वजनाला लावतात. एकाच व्याख्येत अशी दोन मापे आहेत, आणि पुष्कळ लोक, त्यांत शिकलेसवरलेलेही, एकाचे माप दुसऱ्याला लावून मोकळे होतात. आणखी एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. अड्ड्यावर गाडीचे ‘पासिंग’ सांगतात ते पुष्कळदा तिच्यात किती माल बसतो ते असते. कोणी चार टन पासिंगची गाडी म्हणाला, की गाडीचे स्वतःचे वजन त्यात मिळवावे लागते, तेव्हा कुठे कायद्याचा आकडा हाती येतो. साडेसातच्या रेषेजवळच्या गाड्यांत हा फरक निर्णायक ठरतो. कंपन्यांनाही ही रेषा चांगली ठाऊक आहे. साडेसात टनांच्या किंचित खाली मंजूर वजन असलेली मॉडेल बाजारात मुद्दाम असतात. त्याच बांध्याची, तेवढ्याच केबिनची, थोड्या जास्त वजनाची गाडी शेजारी उभी असेल, तर नुसत्या नजरेला फरक कळत नाही. तो आरसी पाहिल्यावरच कळतो.

या रेषेवरून देशातली न्यायालये पंचवीस-तीस वर्षे भांडली. ती कथा पुस्तकात सविस्तर आहे. इथे तिचा गाभा सांगतो. मूळ कायद्यात लायसनचे वर्ग मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू, जड प्रवासी असे वेगवेगळे होते, आणि हलक्या वाहनाची मर्यादा ६,००० किलो होती. १४ नोव्हेंबर १९९४ पासून दुरुस्ती लागू झाली. मर्यादा ७,५०० वर गेली, आणि ते चार वर्ग पुसून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच वर्ग आला. अडचण इथे उभी राहिली. हलक्या वाहनाच्या व्याख्येतच साडेसात टनांपर्यंतचे परिवहन वाहन बसते, आणि परिवहन वाहन हा लायसनचा वेगळा वर्गही आहे. मग छोटा हत्ती किंवा ४०७ चालवणाऱ्याकडे नुसते हलक्या वाहनाचे लायसन असले तर चालेल, की त्यावर परिवहनची वेगळी नोंद हवी? कायद्याच्या एका कलमावरून एक उत्तर निघते, दुसऱ्यावरून दुसरे. मार्च २००१ मध्ये नियमांतले अर्जनमुने बदलले आणि गुंता वाढला. सर्वोच्च न्यायालयाच्याच वेगवेगळ्या पीठांनी वेगवेगळे निकाल दिले. अपघात कोणत्या साली झाला, लायसन कोणत्या साली निघाले, दावा कोणत्या पीठापुढे गेला, यांवर एखाद्या मालकाचे घर राहणार की जाणार हे ठरत होते.

३ जुलै २०१७ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने चालकांच्या बाजूने उत्तर दिले: साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला वेगळी नोंद लागत नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसे कळवलेही. विमा कंपन्यांना ते मान्य नव्हते. पुढच्या पीठांना शंका आल्या, आणि मार्च २०२२ मध्ये प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी एकमताने तेच उत्तर कायम केले. निकालपत्र न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी लिहिले आहे. परिवहन वाहनांसाठी कायद्याने घातलेल्या जादा पात्रता अटी साडेसात टनांच्या वरच्या, म्हणजे मध्यम आणि जड गाड्यांनाच लागतील, असे त्यात स्पष्ट आहे. ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांच्या खास अटी मात्र तशाच राहतात. हलक्या लायसनचे चालक मालवाहू गाड्या चालवतात म्हणून अपघात वाढले, हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे कोणी ठेवली नव्हती, याचीही नोंद निकालात आहे.

मला हा निकाल न्याय्य वाटतो. भाजीपाल्याचा टेम्पो, दुधाची गाडी, घरसामान हलवणारी पिकअप चालवून लाखो घरे चालतात. कलमांच्या विसंगतीची शिक्षा त्या चालकांना होता कामा नये. पण निकालाचा एक चुकीचा अर्थ बाजारात फिरतो आहे, आणि तो खोडून काढण्यासाठीच या पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे. ‘आता हेवीची गरज नाही’ असे लोक सर्रास बोलतात. गरज साडेसात टनांपर्यंत नाही. त्याच्यावर एक किलो गेला तरी आहे.

रेषा साडेसातवरच का, सातवर किंवा दहावर का नाही, याला कायद्यात उत्तर नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते. पण वजन हेच माप का, याला उत्तर आहे, आणि ते खंडाळ्यात मिळते. बोरघाट उतरून खोपोलीला येताना गाडी सुमारे अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली येते. तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा ब्रेक, इंजिन आणि हवेचा विरोध यांनी मिळून जिरवायची असते. दीड टनाच्या मोटारीची ती ऊर्जा सगळी उष्णता झाली, तर वीस-बावीस लिटर पाण्याला उकळी येईल. दहा चाकी ट्रकचे मंजूर वजन २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. त्याच उतारावर त्याची ऊर्जा चारशे लिटरहून जास्त पाणी उकळवेल. हे सगळे ब्रेकच्या ड्रमवर सोपवले, तर ड्रम तापून लाल होतात, लायनरची पकड जाते, आणि पायाखालचा पेडल दाबला जात असूनही गाडी थांबत नाही. मोटार चालवणाऱ्याला हे आयुष्यात सहसा अनुभवावे लागत नाही. त्याने कितीही वर्षे मोटार चालवली, तरी हे ज्ञान त्याच्याकडे आपोआप येत नाही.

शिवाय ब्रेकची जातच बदलते. लहान गाडीत पायाचा जोर तेलाच्या दाबाने चाकापर्यंत जातो. जड गाडीत टाकीत साठवलेली दाबाची हवा ते काम करते, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. उतारावर पुन्हापुन्हा ब्रेक मारत राहिले की टाकीतली हवा भरण्यापेक्षा लवकर संपते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा तर उघड मृत्यू आहे: कॉम्प्रेसर थांबतो, गिअरची ओढ जाते, पॉवर स्टिअरिंग जड होते. पुण्याच्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उताराने गेल्या काही वर्षांत किती गाड्या आणि किती माणसे गिळली, हे वेगळे सांगायला नको. घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हे जुन्या चालकांचे शहाणपण. हेवी लायसनच्या चाचणीचा अर्थ मुळात हे शहाणपण चालकाकडे आहे की नाही ते पाहणे हा आहे. कायदा म्हणतो, की ज्या प्रकारच्या गाडीसाठी अर्ज आहे त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी व्हावी. सपाट मैदानात रिकामा ट्रक आठच्या आकड्यात फिरवून दाखवला, की अक्षरशः ती अट पुरी होते. तेवढ्याने घाटातली परीक्षा होत नाही, आणि याबद्दल आपण सगळे फार वर्षे फार थोडे बोललो आहोत.

या बाबतीत अमेरिकेची पद्धत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहे. तिथे २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११,८०० किलोपासून वरच्या गाडीला वेगळे व्यावसायिक लायसन लागते, आणि चाचणी कोणत्या गाडीवर दिली यावरून त्या लायसनवर मर्यादा छापतात. एअर ब्रेक नसलेल्या गाडीवर चाचणी दिली, तर ‘एल’ हे अक्षर येते आणि एअर ब्रेकची गाडी चालवता येत नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीवर दिली, तर ‘ई’, मग हाताने गिअर टाकायची गाडी वर्ज्य. मागचा ट्रेलर ज्या फिरत्या चकतीवर बसतो ती चकती नसलेल्या गाडीवर दिली, तर ‘ओ’. मर्यादा काढून घ्यायची तर त्या साधनाच्या गाडीवर पुन्हा परीक्षा द्यायची. चालकाला काय येते आणि काय अजून तपासलेले नाही, हे तिथले लायसन स्वतःच सांगते. आपले लायसन वजन आणि वापर सांगते, कसब सांगत नाही. बारा टनांच्या वरची सगळी वाहने एकाच नोंदीत जातात. दहा चाकी टिपर वर्षानुवर्षे उत्तम चालवणारा माणूस चाळीस फुटी कंटेनरच्या ट्रेलरवर पहिल्यांदा बसतो, तेव्हा वळणावर मागचा भाग आत कापत येतो आणि रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते, हे तो जेएनपीटीच्या वाटेवर शिकतो. ते त्याने शिकून मग निघावे, एवढी मागणी अवाजवी नाही.

ऊसपट्ट्यातल्या वाचकांनी ट्रॅक्टरचे प्रकरण सोडू नये. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत संध्याकाळनंतर रस्ते ट्रॅक्टरच्या रांगांनी भरतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मिळून पंधरा-वीस टन ऊस, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. ट्रॅक्टरचे रिकामे वजन साडेसात टनांच्या बरेच खाली असते, म्हणून तो हलक्या वाहनात बसतो. मागे ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचे लायसन असलेला चालक अपात्र ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले, आणि २०१७ च्या निकालातही तीच दिशा आहे. शेतकऱ्यासाठी हे सोयीचे आहे, आणि शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्याकडून जड गाडीच्या लायसनची अपेक्षा करणे चुकीचेही ठरेल. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या जोडगाडीचे एकूण वजन मोठ्या ट्रकइतके आहे, जिच्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात, ती हलक्या लायसनवर राज्यमार्गावरून धावते. कायद्याची परवानगी आणि रस्त्यावरची सुरक्षितता इथे एकमेकींपासून दूर गेल्या आहेत. साखर कारखाने वाहतुकीचे करार करतात तेव्हा चालकाचे वय, लायसन, ट्रॉलीचे दिवे आणि ब्रेक यांच्या अटी करारातच घालणे त्यांच्या हातात आहे. ऊसतोडणीच्या टोळीला उचल देताना जेवढी कागदपत्रे पाहिली जातात, तेवढी ट्रॅक्टरचालकाचीही पाहिली जावीत.

धोकादायक मालाबद्दल इथे थोडकेच सांगतो. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यांतून आम्ल, विद्रावके, वायू यांचे टँकर रोज बाहेर पडतात. अशा गाडीच्या चालकाला केवळ हेवी लायसन पुरत नाही. त्याने तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असावे लागते, लायसनवर तशी नोंद लागते, आणि त्याला एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता-लिहिता यावी, अशी केंद्रीय नियमांतली अट आहे. इंग्रजीची अट ऐकून पुष्कळांना राग येतो. पण टँकरवरच्या पाटीवर रसायनाचे नाव आणि आणीबाणीच्या सूचना बहुधा त्याच लिपीत असतात, आणि टँकर उलटल्यावर अग्निशमन दलाला आत काय आहे ते सांगणारा पहिला माणूस चालकच असतो.

तारखांचे प्रकरण कोरडे वाटेल, पण सर्वांत जास्त माणसे तिथेच अडकतात. एकाच लायसनवर दोन वेगळ्या मुदती असतात. साध्या वाहनांची मुदत लांबची, परिवहनची जवळची: २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी तीन वर्षे, आता पाच. धोकादायक मालाची पूर्वी एक वर्ष, आता तीन, आणि नूतनीकरणापूर्वी उजळणीचा एक दिवस. चालक कार्डावरची दूरची तारीख पाहतो आणि निश्चिंत राहतो. जवळची तारीख उलटून गेलेली असते. मुदत संपल्यावरही तीस दिवस लायसन चालते, ही समजूत जुन्या कायद्यावरची आहे; २०१९ मध्ये ती सवलत काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या वर्षभर आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता पैशांचे. चालकाकडे त्या गाडीचे लायसन नव्हते असे सिद्ध झाले, तरी मृताच्या किंवा जखमीच्या कुटुंबाला सहसा वाऱ्यावर सोडत नाहीत. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायाधिकरणे आणि न्यायालये देतात. पीडिताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मालकाच्या दृष्टीने मात्र विम्याचा हप्ता भरूनही सगळी रक्कम त्याच्याच अंगावर येते, आणि मृत्यूच्या दाव्यातली रक्कम व्याजासह गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकते. या न्यायाधिकरणांत मी वकील म्हणून उभा राहत आलो आहे. वसुलीच्या नोटिसा घेऊन आलेली माणसे गुन्हेगार नव्हती. बहुतेकांनी लायसन पाहिलेच नव्हते, किंवा पाहिले ते मोबाइलवर आलेल्या अर्धवट फोटोत.

इथे कायदा प्रामाणिक मालकाच्या मदतीला येतो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००४ मध्ये ठरवले, की लायसन सदोष होते एवढे दाखवून विमा कंपनी सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हेही कंपनीनेच सिद्ध करावे लागते. मालकाने लायसन पाहिले, ते वरकरणी खरे होते, चालकाला गाडी येते याची खात्री करून घेतली, तर ते पुढे बनावट निघाले तरी दोष त्याच्यावर ढकलणे सोपे नसते. म्हणजे चावी देतानाची पाच मिनिटे मालकाला खरोखर वाचवू शकतात. मूळ लायसन हातात घ्यायचे, आरसीवरचे मंजूर वजन आणि लायसनवरचा वर्ग जुळवायचे, दोन्ही तारखा पाहायच्या, परिवहनच्या संकेतस्थळावर लायसन क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पडताळायचे, आणि सही-तारखेसह प्रत जपून ठेवायची. वर्ग न पाहता गाडी दिली, तर दावा नसला तरी दंड आहेच: चालकाला ५,००० आणि मालकाला ५,०००.

एक विषय असा आहे ज्यावर पुस्तकाने कठोर भूमिका घेतली आहे, आणि मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे. तो म्हणजे क्लीनर. आपल्याकडचे बहुतेक जुने ट्रकचालक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकले नाहीत. ते आधी क्लीनर होते. टायर तपासणे, ताडपत्री बांधणे, मागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणे, मग यार्डात गाडी हलवणे, आणि एखाद्या रात्री उस्तादाला झोप अनावर झाली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात घेणे. या वाटेने उत्तम चालक घडले, याबद्दल शंका नाही. गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारी ती पिढी होती, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या रात्री गाडीने कोणाला उडवले, तर लायसन नसलेल्या मुलाच्या हातात जड गाडी होती, एवढेच कागदावर उरते. त्या मुलाचे पुढचे आयुष्य तिथेच मोडते. यावर कायदेशीर वाट आहे आणि ती अवघड नाही. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला हलक्या वाहनाचे लायसन काढून द्या. वर्ष उलटल्यावर आणि वय बसल्यावर जड गाडीचे शिकाऊ लायसन काढा. तीस दिवसांचे रीतसर प्रशिक्षण आणि जोडीला शेजारी बसलेल्या परवानाधारक चालकाची शिकवण मिळाली, तर जुन्या पद्धतीतले सगळे चांगले शिल्लक राहते. खर्च आहे, पण तो एका टायरच्या किमतीहून फार मोठा नाही, आणि तो मालकाने करावा असे मला वाटते. चांगला चालक मिळत नाही ही तक्रार मालकांच्या प्रत्येक बैठकीत होते. तो घडवण्याची जबाबदारी मात्र कोणी उचलत नाही.

चालकालाही या पुस्तकात तितकीच जागा आहे, आणि ती त्याच्या बाजूने आहे. आपल्या लायसनवर बसत नसलेली गाडी चालवायला मालक सांगतो, तेव्हा ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे लेखकाला ठाऊक आहे. एक फेरी सोडली तर नोकरी जाते. म्हणून चालकाने काय बोलावे, कोणता कागद दाखवावा, वर्गवाढीसाठी कोणता अर्ज कुठे करावा, वैद्यकीय दाखल्याचा नमुना १-अ कोणाकडून भरून घ्यावा, हे सारे पायरीपायरीने दिले आहे. लायसन देशभर चालते, तेव्हा साताऱ्याच्या चालकाला गोव्यात किंवा इंदूरला वेगळे लागत नाही. टॅक्सी-रिक्षाच्या बॅजचे नियम राज्याराज्यांत वेगळे असतात, हा फरकही तिथे समजावला आहे. डिजिलॉकरमधले लायसन नाक्यावर चालते की नाही, यावरून अजून वाद होतात. ते २०१८ पासून नियमाने चालते.

भाषेबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. लेखकाने सरकारी परिभाषेचा हट्ट धरलेला नाही. ट्रकच्या केबिनमध्ये जे शब्द बोलले जातात तेच पुस्तकात आहेत, आणि कायद्याचा शब्द जिथे अडतो तिथेच तो येतो, अर्थासह. पहिले प्रकरण कुठल्याही थांब्यावर चहा पिता पिता वाचून होईल इतके लहान ठेवले आहे. निकालांची चर्चा शेवटी आहे. ज्यांना घाई आहे, त्यांनी थेट सातव्या प्रकरणावर जावे. त्यात आरसी आणि लायसन शेजारी शेजारी ठेवून कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळवायची, ते गाडीच्या प्रत्येक प्रकारासाठी चित्रासह दाखवले आहे, आणि कोऱ्या तक्त्याची पाने पुस्तकाच्या अखेरीस जोडली आहेत. ती फाडून, भरून, गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवता येतात.